गरमीचं बटण

लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून परवान्यावरच मिळत होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे. धाराशिवात आमचं अडतीचं दुकान होतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापुरातल्या एका साहेबाकडून एक जुनी अमेरिकन मोटार विकत घेतली होती. काळी, जाडजूड, आठ सिलिंडरची. अप्पांना ती चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. चालवायचो मी. मी तेव्हा पंचविशीचा होतो, लग्न झालेलं होतं, आणि खरं सांगायचं तर दुकानाच्या गादीपेक्षा त्या मोटारीच्या गादीवरच माझा जीव जास्त रमायचा.

आदल्या उन्हाळ्यात येरमाळ्याच्या यात्रेहून येताना मी त्या मोटारीतलं पाणी आटवलं होतं. बोलण्याच्या नादात इंजिनची गरमी दाखवणाऱ्या काट्याकडं लक्ष गेलं नाही. इंजिनच्या माथ्यावरचं लोखंडी हेड तडकलं आणि मोटार कित्येक महिने छपरात उभी राहिली. अप्पा ओरडले नाहीत. ती दुरुस्त होऊन आली त्या दिवशी एवढंच म्हणाले, "आता एक डोळा रस्त्याकडं ठेव आन एक काट्याकडं. पुन्हा जळली तर म्या काय दुसरी घेणार न्हाय."

तेव्हापासून त्या काट्याची मी इतकी धास्ती घेतली होती की वाटेत भेटलेल्या माणसाला हात करायचा तर आधी काटा बघायचो.

थंडीचे दिवस होते. ज्वारी पोटऱ्यात आली होती. दुकानाच्या कामासाठी मला सोलापूरला जायचं होतं, आणि वाटेत तुळजापूरला मावशीच्या घरी डोकावून यायला अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, सांगितलं होतं. मावशीचे यजमान, आमचे काका, महिनाभर अंथरुणाला खिळलेले होते. तुळजापुरात त्यांचं कुंकू, हळद आणि कवड्यांच्या माळांचं दुकान. अंगानं बारीक, बोलायला मोकळा माणूस. मला मोटार चालवू द्यावी म्हणून अप्पांशी वाद घातला होता तो त्यांनीच.

मी गेलो तेव्हा त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. श्वास लागला होता. मला बघून त्यांनी हात पुढं केला आणि थांबत थांबत विचारलं, "सोलापूरला चाललास?"

"व्हय काका."

"तिला घिऊन ये. आज येतूस न्हवं परत?"

"आजच येतो."

ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचो. तिला सोलापुरात दिलेली होती. मावशी माझ्याबरोबर दारापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "वैद्य म्हणत्यात आता काही खरं न्हाय. तू दुसरं काम न केलंस तरी चालंल, पण तिला आण."

मी दुसरं कुठलंच काम केलं नाही. सोलापुरात पोचलो तो सरळ अक्काच्या घरी गेलो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काय ते ओळखलं. परातीत पीठ तसंच ठेवून, हात धुऊन, शेजारणीला मुलांकडं बघायला सांगून ती निघाली. मोटारीत पुढंच बसली. तिच्या मनगटाला पीठ लागलेलं होतं ते मला सारखं दिसत होतं, पण सांगावंसं वाटलं नाही.

इंग्रजांची हद्द संपून निजामाची सुरू व्हायची तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. तिथले लोक एरवी गाडीतलं पोतंन् पोतं उघडून बघत. त्या दिवशी नाक्यावरच्या शिपायानं आत वाकून बघितलं, अक्काचा चेहरा पाहिला आणि मला विचारलं, "कोई बीमार है?"

मी म्हणालो, "इनके वालिद."

त्यानं लगेच दांडी वर केली. "जाव, जल्दी जाव," म्हणाला.

आणि मग घाट लागला. तुळजापूरच्या घाटाची चढण काही फार मोठी नाही, पण मोटार जुनी होती आणि मी ती दुसऱ्या गिअरमध्येच रेटत होतो. पहिल्या वळणावर काटा मधोमध होता. दुसरं वळण घेताना चाक खड्ड्यात आपटलं आणि पुन्हा बघतो तो काटा पार उजव्या टोकाला, गरमवर.

मी मोटार कडेला घेतली, बंद केली आणि मागच्या चाकांना दगड लावले.

"काय झालं?" अक्कानं विचारलं.

"तापलीय. जरा निवू द्यावी लागंल."

मी इंजिनवरचं झाकण उघडलं. वाफ नव्हती. पाण्याच्या टाकीला हात लावला तर कढत होती, पण हात ओढून घ्यावा अशी नव्हती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण माझ्या डोक्यात वेगळंच आलं. पाण्याचा पंप बिघडला असेल, पाणी फिरत नसेल, तर टाकी गार राहते आणि हेड मात्र आतल्या आत जळतं. मागच्या वेळेला दुरुस्तीवाल्यानं मला हेच समजावून सांगितलं होतं. मी खाली ओघळीत उतरून फडकं भिजवून आणलं, टाकीवर टाकलं आणि वाट बघत उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं किल्ली फिरवली तर काटा शहाण्यासारखा गारवर येऊन बसला. निवली म्हणायची. निघालो. थोडं वर गेलो, पुन्हा धक्का बसला, पुन्हा काटा टोकाला.

मी पुन्हा थांबलो. घाटात असं तीनदा झालं. वरून एक बैलगाडी आली, शेजारून उतरून गेली. गाडीवानानं विचारलं, "ढकलू लागू का?" मी नको म्हणालो. अक्का एका दगडावर बसून होती. एकदाच म्हणाली, "अशीच हळूहळू न्हाय का जाणार?"

"जाईल," मी म्हणालो, "पण मधेच जळली तर मग चालतच जावं लागंल."

हे म्हणताना मी तिच्या सोयीचं बोलतोय असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं काका नव्हते. तडकलेलं हेड होतं आणि छपरात उभी मोटार होती.

दिवस कलायला आला तेव्हा आम्ही गावात शिरलो. गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. अक्का उतरून भराभर पुढं गेली, मी मागं. दारातून समोरच काका दिसले. भिंतीला टेकून मांडी घालून बसले होते. कपाळाला विभूती, अंगावर धुतलेलं वस्त्र. अक्का उंबऱ्यात थांबली, माझ्याकडं वळली आणि तिच्या चेहऱ्यावर अगदी हसू आलं.

"बसलेत की," ती म्हणाली.

आमच्यात माणूस गेलं की त्याला बसवतात. बसवूनच समाधी देतात. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला तिला ते आठवलं नाही. मग आतून मावशीचा रडण्याचा आवाज आला आणि अक्काचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

काका जाऊन फार वेळ झाला नव्हता. अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं, असं कुणीतरी म्हणालं. मावशी अक्काला धरून सांगत होती, "वाट बघितली गं. रस्त्यावर कसला आवाज झाला की ईचारायचे, मोटार आली का? मोटार आली का?"

मी दाराशीच उभा होतो. माझ्या हाताला काजळी लागलेली होती. कुणीतरी मला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणालं, "लई धावपळ झाली तुमची."

दुसऱ्या दिवशी समाधी झाली आणि त्याच्या पुढच्या दिवशी पहाटेचा मी एकटाच धाराशिवला निघालो. कडाक्याची थंडी होती. मोटार रात्रभर उघड्यावर उभी होती, काचेवर दव साचलं होतं. हँडल मारून मारून ती कशीबशी सुरू झाली. गावाबाहेर पडलो. सपाट रस्ता, चढ नाही, ऊन नाही. इंजिन अजून कुडकुडत होतं. एका छोट्या पुलावरून जाताना चाक उडालं आणि काटा सरळ गरमच्या टोकाला गेला.

मी थांबलो. उतरून झाकण उघडलं आणि हात टाकीवर ठेवला. गार होती. हेडवर ठेवला. तेही नुसतं कोमट होतं. मी तिथं रस्त्याच्या कडेला किती वेळ हात ठेवून उभा होतो ते सांगता येणार नाही. मोटार चालूच होती. शेवटी पेट्रोल जातंय हे लक्षात आलं तेव्हा निघालो.

घरी पोचल्यावर जेवणाआधीच मी मोटारीला हात घातला. आता याला सेन्सर म्हणतात. आम्ही तेव्हा नुसतं गरमीचं बटण म्हणायचो. अंगठ्याएवढी पितळी डबी. ती इंजिनच्या हेडमध्ये पेचानं बसवलेली असायची, तिचं टोक आतल्या पाण्यात. तिच्या डोक्यावरून एक तार निघून काट्यापर्यंत जायची. या मोटारीत एक गोष्ट उलटी होती. किल्ली बंद असली की काटा आपोआप गरमच्या टोकाला जाऊन पडायचा. किल्ली फिरवली, वीज आली, की तो गारकडं यायचा आणि मग इंजिन तापेल तसा हळूहळू वर सरकायचा. म्हणजे वीज कुठं तुटली तरी काटा गरमच दाखवणार. हे मी रोज बघत होतो. रोज मोटार बंद करताना काटा गरमवर जाताना मला दिसत होता आणि त्याचा अर्थ काय, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

बायकोला मी मोटारीत बसवलं. "तू फक्त काट्याकडं बघ आन मला सांग," म्हणालो.

तिनं पदर सावरून काट्याकडं डोळे लावले. मी बटणावरची तार सोडवली.

"कुठं हाय?"

"गरमवर."

तार मी इंजिनच्या लोखंडाला क्षणभर टेकवली.

"आता?"

"आता पळाला की गारकडं. पार टोकाला."

तार उचलली. "आता?"

"पुन्हा गरम."

म्हणजे काटा ठीक होता. तार मी सबंध लांबीभर हलवून, वाकवून बघितली, तीही ठीक होती. उरलं बटण. टाकीतलं थोडं पाणी काढून टाकलं, पान्यानं बटण सोडवलं आणि बाहेर काढलं. त्याच्या अंगाला तांब्याची तार गुंडाळून ती मोटारीच्या सांगाड्याला बांधली, डोक्यावर काट्याची तार पुन्हा जोडली. विहिरीचं ताजं पाणी बादलीत आणलं आणि बटणाचं टोक त्यात बुडवलं.

"गारवर हाय," बायको म्हणाली.

मी पान्याच्या दांड्यानं बटणाला हळूच टिचकी मारली.

ती काट्याकडं वाकली. मग म्हणाली, "गरमवर गेला. गेला तो तिथंच बसला."

बटण गार पाण्यात होतं. माझी बोटं त्या पाण्यानं बधिर झाली होती. पुन्हा टिचकी मारली की काटा परत यायचा, पुन्हा मारली की जायचा. चुलीवरचं उकळतं पाणी मागवून त्यातही बघितलं. नुसतं बुडवलं की काटा मधल्या खुणेच्या जरा पुढं, जिथं असायला हवा तिथं. धक्का दिला की टोकाला. आतला कुठलातरी जोड सुटला होता. धक्का बसला की वीज तुटायची आणि काटा इंजिन जळतंय म्हणून सांगायचा. घाटात इंजिन तापलेलंच नव्हतं. आम्ही विनाकारण थांबलो होतो.

आणि ते कळलं तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण झालं ते असं. पंप चांगला आहे, हेड चांगलं आहे, अप्पांना तोंड दाखवता येईल, असं मनात आलं. एक क्षणच ते सुख टिकलं. मग गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली माणसं आठवली.

बायको मोटारीतून उतरून माझ्याजवळ आली. तिला मी सगळं सांगितलेलं होतं.

"तुम्हांला हे कळून काय मिळालं?" तिनं विचारलं. रागानं नाही.

"न कळून कसं चाललं असतं?"

"मला वाटतं, चाललं असतं," ती म्हणाली आणि बादली घेऊन आत गेली.

अप्पा दुकानातून आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे इंजिन बरं हाय न्हवं?"

"बरं हाय."

"मग झालं तर."

मला त्यांचा फार राग आला. पण त्यांनी जे तोंडानं म्हटलं ते थोड्या वेळापूर्वी मी मनात म्हटलंच होतं, तेव्हा रागवायचं कुणावर, हे कळेना. त्या रात्री मी जेवलो नाही. अव्वाला वाटलं, काकांच्या दुःखानं.

शिवगणाराधनेला, म्हणजे काकांच्या दिवसकार्याला, आम्ही सगळे तुळजापूरला गेलो. अव्वाला, अप्पांना, बायकोला घेऊन मी मोटारच चालवत नेली. नवं बटण मिळत नव्हतं म्हणून जुनं भोकात बसवून तार काढून टाकली होती. काटा कायमचा गरमवर पडलेला. मी मधून मधून थांबून टाकीला हात लावून बघायचो.

अक्का माहेरीच राहिली होती. दुपारची पंगत उठल्यावर ती परसात उष्टी भांडी आवरत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी तिच्यासमोर एका पायरीवर बसलो.

"अक्का, एक सांगायचंय."

"सांग की."

"त्या दिवशी घाटात मोटार तापली न्हवती. बटण बिघडलं व्हतं. मी उगीच थांबलो."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला बोलेल. दोन्हीची मी तयारी केली होती. ती म्हणाली, "मला ठावं हाय."

"तुला कसं ठावं?"

"तू फडकं भिजवायला खाली उतरलास तवा मी झाकणावर हात ठेवला व्हता. गारठा व्हता, म्हणून हात शेकावा म्हटलं. शेकण्यापुरतंच गरम व्हतं ते. जळणारी मोटार अशी असती का?"

"मग बोलली का न्हाईस?"

ती हळू आवाजात म्हणाली, "एकदा बोलले. हळूहळू जाऊ म्हणाले. तू नको म्हणालास, तर मला बरंच वाटलं. घरी जायचं भ्यावच वाटत व्हतं मला. तिथं दगडावर बसले व्हते तवर आबा हाईत असं धरून बसता येत व्हतं." तिनं राखेचा हात लुगड्याला पुसला. "तू मोटारीला भीत व्हतास. मी त्येंच्या तोंडाकडं बघायला भीत व्हते. मी जोर केला असता तर तू निघाला असतास. असतास का न्हाय?"

मी निघालो असतो. पण तसं म्हटलं तर सगळा भार तिच्यावर पडत होता, आणि नाही म्हटलं तर ते खोटं होतं.

"माझ्या हातात चाक व्हतं," मी म्हणालो.

"आन माझे वडील व्हते," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेलो होतो ते एकतर शिव्या खायला, नाहीतर माफी मिळवायला. दोन्हींतलं काहीच हाती लागलं नाही. उलट तिनं गुपचूप पोटात ठेवलेलं मी बाहेर काढलं. मी बोललो नसतो तर तिला ते कधी कुणाला सांगावं लागलं नसतं. ही नवी टोचणी घेऊन मी पायरीवर बसून राहिलो. ती पुन्हा भांडी घासू लागली. जरा वेळानं म्हणाली, "आईला सांगू नगंस."

"न्हाय सांगत."

आम्ही दोघांनीही नाही सांगितलं. मावशी आल्यागेल्याला माझं कौतुक सांगायची. बहिणीच्या पोरानं आपलं काम टाकून लेकीला आणलं, वाटेत मोटार नादुरुस्त झाली तरी हार मानली नाही, असं. मी समोर असलो तरी सांगायची. अशा वेळी अक्का तिथं असली तर काहीतरी आणायचं निमित्त करून उठून आत जायची. मी जमिनीकडं बघत बसायचो, आणि लोक म्हणायचे, पोरगा मोठ्या मनाचा हाय, स्वतःची तारीफ सोसत न्हाय.

पुढं निजामाचं राज्य गेलं. नाक्यावरची दांडी निघाली. मावशीला एकटीला दुकान झेपेना, तेव्हा अक्कानं तिला सोलापूरला आपल्याकडं बोलावून घेतलं. पोचवायला मीच गेलो. तोवर मी एका जुन्या मोडक्या गाडीतलं बटण मिळवून आमच्या मोटारीला बसवलं होतं आणि काटा नीट चालत होता. मावशी त्याआधी कधी मोटारीत बसली नव्हती. सुरुवातीला दोन्ही हातांनी दार घट्ट धरून बसली होती. घाट उतरलो, सपाटीला लागलो, तेव्हा तिनं दार सोडलं आणि शेतांकडं बघत बोलायला लागली. कुणाचा ऊस चांगला आलाय, कुणाच्या विहिरीवर मोट चालू आहे, असं काहीबाही.

अक्काच्या दाराशी मोटार उभी केली. अक्का बाहेर येऊन उभी होती. मावशी आत बसल्या बसल्या इकडं तिकडं बघू लागली.

"इथं कशाला थांबलास?" तिनं मला विचारलं.

"सोलापूर आलं, मावशी. अक्काचं घर हे."

"आलं?" ती म्हणाली. "एवढ्यात येतं व्हय सोलापूर?"

मी उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं. अक्कानं पुढं होऊन तिच्या मांडीवरचं बोचकं उचललं, दुसऱ्या हातानं तिला धरून खाली उतरवलं आणि म्हणाली, "चल, आई. पाणी तापवून ठेवलंय, आधी पाय धू."